मठाच्या मळ्यातला एक घोट

गुरुवारी फादर गिल्बर्ट येणार होते आणि सोमवारपासूनच माझं कशात लक्ष लागत नव्हतं. छाटून झालेलीच वेल पुन्हा छाटायला घेतली. कात्री हरवली म्हणून सगळा मळा पालथा घातला, तर ती माझ्याच खिशात. मठातले म्हातारे ब्रदर डन्स्टन भिंतीला टेकून गंमत बघत होते. "सुला, वेलींना तुझ्यापेक्षा जास्त धीर आहे," ते म्हणाले. मला चीड आली. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, मिळवायचं काही उरलं नसताना, त्यांना धीर धरायला काय जातं?

मला मळा हवा होता.

इंग्लंडातल्या हेरफर्डशायरच्या त्या उतारावर सातशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती मठातल्या ब्रदर लोकांनी, म्हणजे साधूंनी, द्राक्षं लावली. पुढे राजानं मठ मोडला, मळ्यात मेंढ्या चरल्या. शंभर वर्षांपूर्वी त्याच पंथाचे ब्रदर परत आले, तेव्हा दक्षिणेकडे तोंड केलेली दगडी भिंत तेवढी उभी होती. त्यांनी पुन्हा वेली लावल्या. प्रत्येक ओळीला एका वारलेल्या ब्रदरचं नाव. छाटणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. आणि कारखान्यातलं औषध तर अजिबात मारायचं नाही. शहाऐंशी साली ऑरगॅनिकचा शिक्का द्यायला आलेला इन्स्पेक्टर औषधांची यादी मागायला लागला, तेव्हा डन्स्टननी त्याला कोंबड्या दाखवल्या. "हेच आमचं कीटकनाशक," म्हणाले. त्या कोंबड्यांमागे धावायचं काम माझं, ते कुणी दाखवलं नाही.

मी तिथं त्र्याऐंशी साली आले, लंडनला ईलिंगच्या कौन्सिलच्या बागांमधली नोकरी सोडून. नऊ वर्षांत मातीपासून बाटलीपर्यंत सगळं शिकले. फक्त वाइन कधी चाखली नाही. बॅरलला, म्हणजे लाकडी पिंपाला, नाक लावून वाइन कशी झालीय ते मी सांगायचे आणि डन्स्टन चाखून मान डोलवायचे. आम्ही बौद्ध. माझे बाबा, हरिदास कांबळे, छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेले. महिन्यातून एका रविवारी मी लंडनला बाबांकडे वेम्बलीला वंदनेला जायचे आणि त्यांच्या शेजारी बसून पंचशील म्हणायचे. पाचवं शील म्हणजे मद्यापासून दूर राहीन. मी मळ्यात काम करते हे बाबांनी कसंबसं पचवलं होतं. "तुझे ते गोरे भिक्खू," ते म्हणायचे, "ध्यान करतात आणि दारू गाळतात. असले भिक्खू मी पाहिले नाहीत बुवा."

आता मठ बंद होणार होता. उरलेले तीन म्हातारे कुठवर चालवणार? पंथाचे मुख्य फादर गिल्बर्ट. त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते. उतार शेजारच्या हॉटेलला कार पार्कसाठी विकायचा, नाहीतर मला चालवायला द्यायचा. त्यांनी एकच अट घातली. पंथाचा रिवाज असा की वाइनच्या तळघराची किल्ली घेणाऱ्यानं आधी सगळ्यांसमोर वाइन चाखायची आणि ती बाटलीत भरायच्या लायकीची आहे का ते सांगायचं. "जी चाखत नाही ती जबाबदारी कशी घेणार?" ते फोनवर म्हणाले. मी फोन आपटला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच जास्त झोंबलं.

मंगळवारी मी बाबांना फोन केला.

"चाखणारे लोक गिळत नाहीत, बाबा. तोंडात घोळवतात आणि बादलीत थुंकतात."

"मग तोंडात तरी कशाला घ्यायची?"

"जॉबच तसा आहे. नाहीतर माझ्या वेलींवर कार पार्क होईल."

"उद्या सांगतो," म्हणाले.

बुधवारचा दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. काम सोडून पुन्हा पुन्हा फोनपाशी जायचे आणि परत फिरायचे. चारच्या सुमाराला तो वाजला.

"जय भीम. विचार केला. पोटात गेली नाही तर शील मोडत नाही, असं मी धरून चालतो. पण एक थेंब नाही, सुलक्षणा. वचन दे."

दिलं. मळा मिळत होता.

गुरुवारी तळघरात फादर गिल्बर्टनी स्वतःच ग्लास भरला. कुणीतरी पत्र्याची बादली माझ्या पायाशी सरकवली. मी घोट घेतला. आंबट, थंडगार, आणि मग जिभेच्या कडेला हिरव्या सफरचंदाची चव. गेल्या एप्रिलात गारठ्यानं कोंब जळायला लागले तेव्हा गोणपाटं पांघरून मी हीच द्राक्षं वाचवली होती. ऑक्टोबरात कुजके मणी एकेक करून खुडले होते. नऊ वर्षं राबले ती याच्यासाठी, आणि चव आज कळत होती. मी बादलीवर वाकले आणि मला थुंकवेना. गिळली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

"बॅरल चांगलं आहे," मी म्हणाले. "पण अजून दोन महिने थांबा. घाई केलीत तर फुकट जाईल."

फादर गिल्बर्टनी स्वतः चाखली, नीट बादलीत थुंकली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. डन्स्टन रडायलाच लागले.

मी नाचायला हवं होतं. त्याऐवजी अर्धा तास ओळींमधून येरझाऱ्या घातल्या. मग फोन केला.

"मिळाला?" बाबांनी विचारलं.

"मिळाला."

"थुंकलीस ना?"

खोटं बोलता आलं असतं. वेम्बलीत बसून त्यांना काय कळणार होतं?

"नाही, बाबा. गिळली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केला आणि परत आले. "चुकून?"

"नाही. आवडली मला."

"हं." त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या बापालाही आवडायची. मी सात वर्षांचा होतो, तेव्हा गुत्त्यावरून त्याचं प्रेत बैलगाडीत घालून घरी आणलं."

आजोबा तापानं गेले, असं मला लहानपणापासून सांगितलेलं.

"बाबा, पुढच्या वर्षीही चाखावी लागेल."

"ते कळतंय मला. दर वेळी चाखलीस की फोन कर. किती घेतली ते खरं सांग. एवढं वचन दे."

पहिलं वचन मी मळ्यासाठी पटकन देऊन टाकलं होतं; हे पाळावं लागणार होतं, म्हणून लगेच देता आलं नाही.