शेजारच्या सीटचं वजन

शर्यतीत पहिल्या तिघांत आला, तर धाकट्याला मोठ्या संघात जागा मिळणार होती. ताईला काय मिळणार होतं? शेजारची सीट. ती तर तिच्याकडे होतीच.

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. या भावंडांनी लोखंडी नळ्या जोडून घरीच बनवलेल्या, माळावर उधळणाऱ्या मोटार-बग्गीच्या मागच्या डाव्या चाकावर माझी नेमणूक होती. खड्डा चाकाने खायचा, दणका मी गिळायचा, वर बसलेल्या ताईला नुसता झोका द्यायचा. ती वाट सांगायची, धाकटा हाकायचा.

"ताई, तू बसलीस की गाडीचं बूड जमिनीला टेकतं."

"टेकू दे. तुझं डोकं हवेत असतं, कुणीतरी जमिनीवर हवं."

पुढे माझं तेल गळू लागलं. नवी जोडी घ्यायची ठरली. नमुना म्हणून मला पिशवीत घालून दोघं दुकानात गेली. ताई बाहेर स्कूटर लावायला जागा शोधत राहिली. आत दुकानदाराने विचारलं, "मऊ स्प्रिंग देऊ की जाड? गाडीत बसतं कोण?"

"मी. गाडी मीच चालवतो."

त्याने वजन विचारलं होतं, धाकट्याने मान सांगितला. एकट्याच्या हिशेबाने मऊ स्प्रिंगची जोडी बांधून मिळाली.

मी गॅरेजच्या खुंटीवर गेलो. सरावाहून परतल्यावर ताई नळी धरून हळूहळू उतरली. "दोघं बसलो की स्प्रिंग पार तळाला जाते रे. दणका सरळ माकडहाडात."

"बदलायला वेळ कुठंय, शर्यत परवावर आली. आणि तू नसलीस की कशी पाखरासारखी पळते, बघितलंस ना?"

"बघितलं," ती म्हणाली आणि सीटचा पट्टा नीट गुंडाळून ठेवला.

ती चढायची तेव्हा मी बोटभर खाली जायचो. त्या बोटभराची ओढ अजून सुटत नाही. कधी ती पाना न्यायला येते, कमरेवर हात ठेवून बग्गीकडे बघते आणि जाते.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. पण घेण्याआधी शेजारी बसणाऱ्यालाही मोजा. जुन्याने इतकी वर्षं कुणाला सांभाळलं, तेही बघा.

शर्यतीत धाकटा एकटाच बसला आणि तिसरा आला. त्याला संघ मिळाला, दुकानदाराला कायमचं गिऱ्हाईक. किंमत ताईने मोजली, आणि घरात कुणी तिच्याकडे ती मागितलीसुद्धा नव्हती.