चंडोलापाशी ठेवलेली वाटी

हाशिमचाचांचा एकच कायदा होता आणि तो ते प्रत्येक नव्या माणसाला दम भरल्यासारखा ऐकवायचे. "बघायचं, फोटो काढायचा, निघायचं. मध्ये पडायचं नाय, आणि घरट्याची जागा कुणाला सांगायची नाय." मूळचे दापोलीचे, बहारीनला तीस वर्षं एका गोदामात स्टोअरकीपर. शुक्रवारी सगळी दुनिया झोपा काढते. हा माणूस सखीरच्या वाळवंटात पोटावर पडून पाखरं बघायचा. खुळाच म्हणा ना!

त्या खुळात पूर्णिमाही सामील झाली. ती चिपळूणची, ईसा टाउनच्या एका शाळेच्या बसवर मदतनीस. आठवडाभर पोरांचा कालवा ऐकून कान किटायचे, आणि वाळवंटात कोणी बोलत नाही, एवढ्यासाठीच ती पहिल्यांदा गेली होती. चाचांनी आपला जुना कॅमेरा तिच्या हातात दिला आणि ती अडकलीच.

यंदा एप्रिलात चाचांना कंपनीने नारळ दिला. जाण्याआधी दहा दिवस त्यांनी पूर्णिमाला एका काटेरी झुडपाखाली चंडोलाचं घरटं दाखवलं. तीन पिल्लं, नुसती उघडी तोंडं.

"तीस वर्षांत याची पिल्लं उडालेली मी दोनदाच बघितली गो," चाचा म्हणाले. "बाकी उन्हानंच मरतात. आता सामान बांधायचं, माझ्याच्यानं येणं व्हायचं नाय. तू लक्ष ठेव. उडाली की सांग, म्हणजे मी सुखानं जाईन."

"आणि ऊन वाढलं तर?"

"वाढलं तर वाढलं. आपण मध्ये पडायचं नाय."

सांगणं सोपं हो! दोन दिवसांनी पूर्णिमा गेली तेव्हा मादी पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभी होती, चोच उघडी, धापा टाकत. चैत्र लागला की पूर्णिमाची आई परड्यात पाखरांसाठी पाणी ठेवायची. कावळा आला तरी त्याला हाकलायची नाही. पाण्याला नाही म्हणायचं असतं का? तिने घरट्यापासून चार हातांवर स्टीलची वाटी ठेवली. तिचा नवरा प्रशांत पाण्याचा टँकर चालवायचा, त्याच रस्त्याने कामगारांच्या कॅम्पवर जायचा. वाटी भरायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

"एवढी माझी काळजी घेतलीस तर मी पण उडेन," तो चिडवायचा. पण रोज भरायचा.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती टँकरमध्ये बसून स्वतः गेली. वाटीच्या काठावर दोन कावळे बसले होते. कॅम्पवरचे कावळे एवढ्या आत कधी येत नसत. यायला कारणच नव्हतं. कारण तिने आणून ठेवलं होतं. घरटं रिकामं होतं. मादी थोडी पळायची, थांबायची, परत पळायची.

पूर्णिमा घरट्यापाशी वाकली. "अगं बाई, हे काय करून बसले मी," एवढंच म्हणत राहिली. प्रशांतने वाटी उचलून सीटखाली टाकली.

दुसऱ्या दिवशी ती नईम भागात चाचांच्या खोलीवर निरोप द्यायला गेली. खरं सांगायचं ठरवूनच गेली होती. पण चाचांनी दारातच विचारलं, "उडाली?" आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिची जीभ फिरली.

"उडाली, चाचा. तिन्ही." मग निम्मं तरी खरं बोलावं म्हणून म्हणाली, "तुमचं न ऐकता मी तिथं पाणी ठेवलं होतं. रागावू नका."

चाचा रागावले नाहीत. बांधलेल्या बॅगेवर बसले आणि डोळ्यांना रुमाल लावला. "तीस वर्षं मी नुसता बघत बसलो गो. वाटीभर पाणी ठेवायची अक्कल नाय आली मला."

शनिवारी विमानतळावरून त्यांनी पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर हिंदीत व्हॉइस मेसेज टाकला. ग्रुपमध्ये तीसेक माणसं, आणि चाचांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझा कायदा चुकला, ते म्हणाले, पूर्णिमाने दाखवून दिलं. घरट्यांपाशी पाणी ठेवा. एवढं बोलून ते विमानात बसले.

रविवारपासून फोटो यायला लागले. कुठे वाटी, कुठे आइस्क्रीमचा डबा, कुठे अर्धी कापलेली बाटली. "पूर्णिमाताई, शाबास!" तिने तीन दिवस खरं काय ते लिहिलं आणि खोडलं. चाचांना काय वाटेल, हाच एक घोर. भित्री कुठली!

बुधवारी दुपारी ग्रुपमधल्या शब्बीरचा फोटो आला. घरटं, शेजारी डबा आणि कोपऱ्यात एक काळी शेपटी. खाली लिहिलं होतं, "यल्ला, चला, पाहुणे पण आले!"

तेव्हा कुठे तिने लिहिलं. पाणी उचला. पिल्लं उडाली नव्हती, कावळ्यांनी खाल्ली. मी खोटं बोलले. जागा सांगा, मी आणि प्रशांत आत्ता जाऊन उचलतो.

जागा कोणीच सांगितली नाही. कायद्याचा तेवढा भाग सगळ्यांना पक्का पाठ होता. पाच जणांनी कळवलं की आमची घरटी कालच रिकामी झाली, आम्हाला वाटलं उन्हानं गेली. शब्बीर ड्यूटीवर होता, सुटल्यावर धावत गेला. संध्याकाळी त्याने अरबीत एकच शब्द लिहिला, "मफी." म्हणजे, काही उरलं नाही.

गुरुवारी सकाळी ती बसमध्ये पोरं मोजत होती तेव्हा दापोलीहून चाचांचा व्हॉइस मेसेज आला.

"पूर्णिमा, पाणी ठेवलंस त्याचं मला काय वाटत नाय गो. माया आली, ठेवलंस. पण मला खरं सांगितलं असतंस तर तीनच पिल्लं गेली असती."

मागे पोरं नेहमीसारखी ओरडत होती. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, आणि तीनच्या पुढे तिला जाता येईना.