कोलमचं सोंग

पहाटे सडा झाला की उंबऱ्यासमोर कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायचा, तोही कमरेतून वाकून. खाली बसून काढलेला कोलम आमच्या अत्तैंना, म्हणजे सासूबाईंना, चालत नाही. मी वाकले की छाती धडधडायची, डोकं ठणकायचं, दरदरून घाम सुटायचा. तांदळाचं पीठ तसंच टाकून मी पायरीवर बसायची.

"आलं बघा सोंग," अत्तै म्हणायच्या. "जेवताना बरं येत नाही ते!"

गावातले सगळे दवाखाने पालथे घातले. जो तो खुर्चीत बसवून रक्तदाब मोजायचा आणि तो नेमका नॉर्मल निघायचा. मग ठरलेलं वाक्य: मनावर ताण आहे, झोपेची गोळी घ्या. असा संताप यायचा! अहो, माझ्या मनाला काय धाड भरलीय? शेवटी नवरासुद्धा म्हणाला, "कोदै, योगासनं करून बघ ना." तेव्हा मात्र रडले. एक दिवस मी त्या पिठातच मरून पडेन आणि लोक म्हणतील, सोंग छान वठवलं, अशी भीती वाटायची.

तंजावरला ग्रंथींच्या डॉक्टर शेण्बगम यांनीही आधी खुर्चीतच बसवलं. नॉर्मल. सोबत आलेल्या अत्तैंनी 'सांगितलं नव्हतं?' अशा नजरेने पाहिलं. माझं डोकंच फिरलं.

"खडू आहे?" मी विचारलं.

"कशाला?"

"कोलम काढते. हा पट्टा दंडावरच राहू द्या."

त्यांनी अडवायच्या आत फळ्याजवळचा खडू उचलून मी फरशीवर वाकून ठिपके मांडू लागले. दुसरी ओळ काही पुरी झाली नाही. यंत्रावरचा आकडा बघून डॉक्टर ताडकन उठल्या. "बस्स! टाका तो खडू. आडव्या व्हा आधी!"

मग लघवीची तपासणी झाली, पोटाचा स्कॅन झाला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ निघाली. वाकलं की ती दाबली जायची आणि रक्तदाब भडकायचा.

"दुर्मिळ असते ही," डॉक्टर म्हणाल्या. "आधी गोळ्यांनी रक्तदाब आवरू, मग शस्त्रक्रिया. तोवर वाकायचं नाही."

परतीच्या बसमध्ये अत्तै शेजारीच बसल्या होत्या. त्यांना काय काय सुनावायचं ते मी मनात घोळवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं, तर अत्तै चक्क खाली बसून कोलम काढत होत्या.

"बसून?" मी खवचटपणे विचारलं.

"गुडघे दुखतात माझे." त्यांनी मान वर केली नाही. मग हळूच म्हणाल्या, "तू आत जा. पीठ सांडलंय, भरायला वाकशील."