कात्रजच्या दुकानाचा क्रमांक

"आकडा हा आधुनिक उद्योगाचा प्राण आहे, आणि आजपासून ‘रंगराव चिवडा’ हा उद्योग केवळ आकड्यांच्या आदेशानं चालेल," असं आमोदनं भर बैठकीत जाहीर केलं आणि कळ दाबली.

पडद्यावर सातही दुकानांचे निळे खांब उभे राहिले. सगळे एकाच उंचीचे. वर्षभरात नारायण पेठेत जितके किलो चिवडा खपला होता तितकाच कोथरूडला, तितकाच हडपसरला आणि तितकाच कात्रजला. ग्रॅमचाही फरक नाही. हडपसरचं दुकान तर मधे दोन महिने गळतीपायी बंद होतं. तेही मागे नव्हतं.

 हा आकड्यांचा फलक, म्हणजे डॅशबोर्ड, कार्यालयातल्या तनुजानं बांधला होता. आमोदनं फक्त कळ दाबली होती.

आमोदचे वडील आणि उद्योगाचे मालक रंगराव यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वा! सगळी लेकरं सारखीच गुणी निघाली."

"बाबा, म्हणजे हे थोडंसं..."

"थोडंसं काय? प्रश्न मिटला." सातातलं एक दुकान बंद करायचं हे ठरलेलंच होतं. कोणतं, तेवढंच आकड्यांनी सांगायचं होतं. "सगळी सारखंच विकतात, तर सगळ्यात लांबचं बंद करू. कात्रज. टेम्पोचं डिझेल वाचेल. चार वाजता जागामालकाला पत्र पाठवतो."

"काका, आकडे चुकलेत," तनुजा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याच्या निम्माच आला.

"मग दुरुस्त करा. चार वाजायला वेळ आहे."

तनुजा जागेवर येऊन बसली आणि तिला मालनबाई दिसू लागल्या. मालनबाई म्हणजे कात्रजच्या दुकानाच्या सर्वेसर्वा. गेल्या महिन्यात ती तिकडं गेली होती, तेव्हा त्यांनी तिला डब्यातली अर्धी भाकरी खायला लावली होती आणि "एवढ्याशा अंगानं कॉम्प्युटर कसा गं उचलतीस?" असं विचारलं होतं. त्या बाईंचं दुकान आता चार वाजता एका पाकिटात घालून पोस्टात पडणार होतं, आणि पाकीट तनुजानं भरलं होतं.

डॅशबोर्ड दोन तक्त्यांवर उभा होता. एकात सात दुकानांची नावं, दुसऱ्यात वर्षभराची बिलं. दुकान क्रमांक दोन्हीकडे होता, आणि त्यावरून कुठलं बिल कुठल्या दुकानाचं हे संगणकानं ओळखायचं, असं दोघांचं नातं. ते जोडताना प्रोग्रामनं एक पिवळी सूचना दिली होती, की दुकानांच्या तक्त्यात प्रत्येक क्रमांक एकदाच यायला हवा. तनुजानं घाईत ‘अनेकांशी अनेक’ हा पर्याय निवडला आणि सूचना गप्प झाली. सूचना गप्प झाली की काम झालं, हे तिला आजवरच्या नोकरीनं शिकवलं होतं.

आता तिनं नातं तोडलं, परत जोडलं. अंकांमागच्या मोकळ्या जागा पुसल्या. सगळी माहिती नव्यानं आत ओढली. खांब हलले नाहीत. शेवटी तिनं जे आधीच करायचं ते केलं आणि दुकानांचा तक्ता उघडून वाचला.

नारायण पेठ, एक. कोथरूड, एक. हडपसर, एक. खालपर्यंत एक.

 आपणच काहीतरी पुसलं, दुसरं काय! तिनं कात्रजला फोन लावला.

"मालनमावशी, बिलावर वरती दुकान क्रमांक काय आहे?"

"एक."

"नीट बघा हं."

"एकाला काय नीट बघायचं, ताई? नुसती उभी दांडी हाय. का ओ, काय झालं?"

"काही नाही," तनुजा म्हणाली, अगदी बरंच काही झाल्यासारखी.

ती रंगरावांच्या खोलीत गेली. पत्र लिहून झालं होतं.

"काका, सगळ्या दुकानांचा क्रमांक एकच आहे."

"मग किती हवेत?"

"सात. सात शाखा आहेत ना आपल्या..."

"शब्द जपून." रंगरावांनी पेन खाली ठेवलं. "खाली दुकानावरची पाटी वाचली नाहीत वाटतं? आमची कोठेही शाखा नाही."

"मग कात्रज?"

"ते दुकान आहे."

"आणि हडपसर?"

"तेही दुकान आहे. एकच दुकान, सात ठिकाणी. बिलाची मशीनं बसवायला माणूस आला, तो दोन, तीन असं काहीतरी टाकत सुटला होता. त्याला म्हटलं, माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात दोन नंबरचं बिल देणार तू? सगळीकडं एक टाकून घेतला."

शेजारी बसलेला आमोद छताकडं बघू लागला. छतात तसं बघण्यासारखं काही नव्हतं.

"पण काका, त्यामुळंच प्रत्येक दुकानाच्या नावावर सगळ्यांची विक्री..."

"चारला पत्र जाईल. तोवर तुमचं नातंगोतं जमवा."

साडेतीन होत आले होते. तनुजानं बिलांचा तक्ता उघडून एकेक रकाना चाळला. पार उजवीकडं, कुणी कधी बघत नाही अशा जागी, ‘यंत्र क्रमांक’ होता. आणि यंत्रं सात होती, सात वेगळ्या क्रमांकांची! आता कुठलं यंत्र कुठं बसलंय एवढंच हवं होतं. तिनं सहा दुकानांत फोन करून यंत्राखालचे आकडे वाचून घेतले. कात्रजचा फोन लागेना. लागला तेव्हा उचलेनात. उचलला तेव्हा मागं गिऱ्हाइकांचा गलका होता.

"मावशी, मशीन उलटं करा. खाली आकडा आहे."

"आत्ता? समोर माणसं उभी हायेत. पापडी संपत आली म्हणून भांडतायत."

"भांडू द्या. प्लीज!"

मागं काहीतरी आपटलं. "तेलानं काळं झालंय सगळं. शेवटाला सात हाय का एक, कळंना बघा."

 एका अंकासाठी कात्रजची वर्षभराची पापडी वाऱ्यावर जायची! मग तिला यादीत उरलेला एकुलता एक क्रमांक दिसला. शेवटी सात होता.

दुकानांच्या तक्त्यात यंत्र क्रमांक भरून तिनं त्यावरून नातं जोडलं. पिवळी सूचना आली नाही. खांब खालीवर झाले आणि स्थिरावले. ती संगणक उचलून तशीच रंगरावांकडं धावली. ते पाकिटाला डिंक लावत होते.

सगळ्यात उंच खांब कात्रजचा होता. सगळ्यात बुटका नारायण पेठेचा, म्हणजे ज्याच्या माडीवर ते बसले होते त्या मूळ दुकानाचा. दोन महिने बंद असलेल्या हडपसरच्याही खाली.

रंगरावांनी चष्मा पुन्हा पुसून लावला.

"हे कुणाला दाखवलंत?"

"फक्त तुम्हाला."

"छान." डिंक लावलेलं पाकीट त्यांनी खणात टाकलं. ते आता खणालाच चिकटणार होतं. "तूर्त कुठलंच बंद करायचं नाही. घाई कशाला? आकड्यांचं काय, विचार करायला वेळ लागतो त्यांना."

तनुजा जिन्यात आली.  कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तिनं कात्रजला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. दुकान बंद होणार होतं, पत्र तयार होतं, नातं जुळलं, पाकीट खणात गेलं, दुकान वाचलं.

 पलीकडं कुणीतरी पाव किलो भावनगरी शेव मागत होतं.

"बरं झालं," मालनबाई म्हणाल्या. "ताई, उद्याच्या टेम्पोत तेवढे रबरबँड टाका. संपलेत."