मोराच्या पायातला पांढरा ठिपका

सृष्टीला तिच्या बाबांच्या साठीला भेट द्यायची होती. कपाट आवरताना तिला त्यांनी, म्हणजे माझ्या रविराजदादाने, तरुणपणी केलेल्या गेमची फ्लॉपी सापडली. त्यातली चित्रं बाहेर काढून, मोठी छापून फ्रेम करायची असं तिने ठरवलं. इंटरनेटवरच्या प्रोग्रामने चित्रं उघडली, पण प्रत्येक मोर चपटा होऊन एकाखाली एक असा दोनदा दिसत होता. म्हणून ती माझ्याकडे आली. मी तिची आत्या, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते.

तेव्हाच्या चार रंगांच्या पडद्याची मेमरी आधी सम ओळी ठेवायची, मग विषम. दादाने चित्रंही त्याच क्रमाने साठवली होती. दोन्ही अर्धे एकमेकांत ओवले की झालं. मी दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला.

मोर मुळात माझा होता. १९९१ साली, बारावीत असताना, आईच्या येवल्याच्या पैठणीवरचे धागे मोजून मी तो आलेखाच्या कागदावर उतरवला होता. अशी बत्तीस चित्रं. दादाच्या क्लासमधल्या संगणकावर ती भरून फ्लॉपी मी घरी ट्रंकेत ठेवली आणि आठवड्याने त्याला दिली. दोन दिवसांनी तो म्हणाला, फ्लॉपीला बुरशी आली आहे, काहीच वाचता येत नाही. माझे कागद घेऊन त्याने म्हणे सगळं नव्याने भरलं आणि कागद परत दिले. गेमवर त्याचं एकट्याचं नाव आलं. ते मला रास्तच वाटलं. मी त्याची माफीही मागितली.

पुढे घरात ती म्हणच झाली. लोणच्याची बरणी उचलली तरी कोणीतरी म्हणायचं, अंजूच्या हाती नका देऊ, बुरशी येईल. मी इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घ्यावं का, असा विषय निघाला तेव्हा दादाने हसत तेच ऐकवलं. मीही हसले आणि बी.एस्सी.चा फॉर्म भरला.

प्रोग्राम चालवला. काळ्यावर निळसर, जांभळट गुलाबी आणि पांढरा, असा मोर पडद्यावर सरळ उभा राहिला. सृष्टीने टाळी वाजवली. मी त्याच्या डाव्या पायातल्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत होते.

कागदावर तो पाय अंगापासून एक चौकोन सुटा राहिला होता. ती चूक मला शेवटच्या संध्याकाळी, संगणकावर, दिसली. क्लास बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून त्या जागी मी घाईने एकच ठिपका भरला, तोही चुकून पांढरा. कागद तसाच राहिला. तो ठिपका फक्त त्या फ्लॉपीवर होता.

सृष्टी गेल्यावर मी जुने कागद काढून सगळे चौकोन दोनदा मोजले. गेममधला मोर माझ्याच फ्लॉपीवरचा होता; दुसरा अर्थ निघत नव्हता.

साठीच्या दिवशी दादाच्या गंगापूर रोडवरच्या घरी पाहुणे जमले होते. दादाने फ्रेम उघडली, खूश झाला. सृष्टीने माझं नाव सांगताच म्हणाला, "अंजूच्या हाती दिलंस? बुरशी नाही ना आली?"

सगळे हसले. मी पर्समधला कागद काढून फ्रेमशेजारी ठेवला.

"दादा, डाव्या पायात पांढरा ठिपका आहे. कागदावर तो नाही."

त्याने चष्मा लावला. कागदाकडे पाहिलंच नाही, फक्त पायाकडे पाहिलं. कुठला ठिपका, असं त्याने विचारलं असतं तर मी अजूनही माझंच मोजणं चुकलं म्हटलं असतं.

"किती वर्षं झाली त्याला, अंजू," तो हळूच म्हणाला.

"काय झालं, बाबा?" सृष्टीने विचारलं.

"बुरशीची गोष्ट तिला पूर्ण माहीत नाही," मी म्हणाले. "तू सांग."

पाहुण्यांना जेवायला वाढलं का, हे बघायला तो आत गेला. मी चपला घातल्या. दारातून वळून पाहिलं तर सृष्टी कागदावर बोट ठेवून चौकोन मोजत होती.