नदीतली लाल रेघ

मित्रांनो, मी नदीतला एक जुना दगडी खांब आहे. एके काळी माझ्या डोक्यावर पूल होता. तो पडला, माझे भाऊबंद वाहून गेले आणि मी तेवढा मागे राहिलो. पूल गेल्यावर खांबाला कोण विचारतो? मीही आशा सोडली होती. पण एका उन्हाळ्यात एक इंजिनिअर मॅडम आल्या आणि माझ्या म्हातारपणाला काम मिळालं.

मॅडम आधी काठावरच्या खालच्या गल्लीत घरोघर फिरल्या. गल्लीच्या तोंडाशी नाला आहे, त्यातही उतरल्या. मग रंगाऱ्याला घेऊन माझ्याकडे आल्या आणि माझ्या अंगावर तीन रेघा काढून घेतल्या. खाली पांढरी, मध्ये पिवळी आणि वर लाल. लाल रेघ गल्लीतल्या उंबऱ्यांपेक्षा बरीच खाली आली, म्हणून रंगाऱ्याने विचारलं, "मॅडम, इथवर पाणी आलं तरी घरं कोरडीच राहणार. मग लाल कशाला?"

"रेघ घरांसाठी नाही, वाटेसाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "पाणी इथवर चढलं की नाला उलटा भरायला लागतो. गल्लीतून बाहेर पडायची वाट त्या नाल्यावरूनच जाते ना? म्हणून लाल म्हणजे निघा."

रंगाऱ्याने मान डोलावली. हे ऐकणारे आम्ही दोघंच होतो. गल्लीत पोचलं ते एवढंच, की लाल म्हणजे निघा. पुढे मॅडमची बदली झाली.

त्यानंतरची काही वर्षं माझा मोठा मान होता. पावसाळ्यात जो तो खिडकीतून विचारायचा, "पाणी लालाला लागलं का?" लागलं की सगळी गल्ली चढावरच्या शाळेत जायची. मला सर्वांत जवळचं घर शिंप्याचं. त्याच्या वडिलांचे पाय गेले होते. शिंप्याने गादीच्या जाड कापडाचे पट्टे शिवून एका खुर्चीला लावले होते. वडिलांना त्यात घट्ट बांधायचं, खुर्ची पाठीवर घ्यायची आणि चढ चढायचा, असा त्याचा रिवाज. म्हातारा भारी मिश्कील होता. म्हणायचा, "मला वर पोचवायची तुला फारच घाई झालीय रे." ऐकणारे हसायचे, शिंपीही धापा टाकत हसायचा.

पण झालं काय, दरवर्षी पाणी लालाला लागायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. लोक शाळेच्या फरशीवर अंग आखडून घ्यायचे, परत यायचे, तर घरं कोरडी ठणठणीत. हळूहळू गल्लीच्या तोंडी एकच शब्द बसला: उगाच. उगाच गेलो, उगाच दुकान बंद ठेवलं, उगाच म्हाताऱ्यांचे हाल केले. शेवटी काठावरच्या पायऱ्यांवर बैठक भरली. किराणा दुकानदार म्हणाला, "उंबऱ्याला पाणी लागायला अजून केवढी जागा असते. रेघच चुकलीय. वर घ्या ती."

शिंप्यानेही हात वर केला. पाठ दुखून जायची बिचाऱ्याची.

रंगारी मात्र डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम तेव्हा कसल्यातरी वाटेचं म्हणाल्या होत्या."

"कसल्या वाटेचं?"

"नक्की आठवत नाही आता."

मला आठवत होतं. पण दगडाला तोंड कुठे असतं? जुन्या लालावर राखाडी रंग बसला आणि नवी लाल रेघ उंबऱ्यांच्या उंचीला गेली. ती फार ठळक आणि सुबक होती. तिच्याइतकी लाज मला कशाचीच वाटली नाही.

त्या वर्षी पाऊस वर डोंगरात झाला. आमच्याकडे दुपारी चक्क ऊन होतं. पाणी मात्र गढूळ होऊन चढत होतं. शिंपी मशीनवरून उठून खिडकीशी आला. "बाबा, निघू या का?" त्याने विचारलं.

"लालाला लागलं?"

"नाही, बरंच खाली आहे अजून."

"मग शीव की गपचूप. उगाच कशाला?"

तो पुन्हा मशीनवर बसला. राखाडी रंगाखालच्या माझ्या खऱ्या रेघेला पाणी लागलं, ते मला कळलं. कुणीही वर बघितलं नाही. नाला उलटा भरू लागला आणि गल्लीच्या तोंडाशी राहणारी म्हातारी, सगळ्यांची आत्या, ओरडली, "अरे, वाट गेली!" तेव्हा कुठे सगळे धावले. बरेच जण छपरांवर चढले आणि वाचले. शिंप्याने नेहमीसारखं वडिलांना बांधलं, खुर्ची पाठीवर घेतली आणि तो नाल्यात उतरला. पाणी छातीला आलं. त्याचा पाय सुटला. खुर्ची पाठीवरून निसटली, पण वडील खुर्चीतून सुटले नाहीत. शिंप्याची शिवण पक्की होती. लोकांनी त्याला दोर टाकून ओढून काढलं.

पाणी ओसरलं तेव्हा खुर्ची माझ्या पायाशी अडकलेली सापडली. शिंप्याचे वडील तिच्यातच होते. एकही टाका उसवला नव्हता.

काही दिवसांनी शिंपी पाण्यात उतरून माझ्याकडे आला आणि सुरीने रंग खरवडू लागला. राखाडी पापुद्र्याखालून जुनं लाल दिसलं. रंगारी पायरीवर बसून ते बघत होता. एकदम त्याने तोंडावर हात घेतला. "वाटेसाठी," तो म्हणाला. "मॅडम म्हणाल्या होत्या, रेघ वाटेसाठी आहे." शिंप्याने सुरी कमरेला खोचली आणि त्याच्याकडे ब्रश मागितला. आता माझ्या अंगावर ती रेघ आपल्या जागी आहे आणि तिच्याशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: 'वाट बंद होते. निघा.'

मित्रांनो, तुमच्याही गावात कुठेतरी अशी रेघ असेल, पाटी असेल, भोंगा असेल. तो तिथे का आहे, हे विचारून घ्या आणि धाकट्यांना सांगून ठेवा. नुसती रेघ राहते आणि कारण विसरलं जातं, तेव्हा माणसं रेघच हलवतात.

यंदाही पाणी लालाला लागलं. शिंप्याने आत्याला त्याच खुर्चीत बसवून शाळेत नेलं. पट्टे आता एका ओढीत सुटणारे आहेत. पाणी तिथूनच फिरलं, घरं कोरडी राहिली. परत येताना आत्या पाठीवरून कुरकुरत होती, "बघ, उगाच नेलंस मला."

"हो आत्या," शिंपी म्हणाला. "उगाच नेलं. पुढच्या वेळीही उगाचच नेईन."