मॉर्वेनची परवानगी

ॲबर्डीनच्या त्या मनोरुग्णालयात एका रुग्णाच्या मोज्यात सुरी सापडल्यापासून आल्यागेल्या प्रत्येकाचं सामान तपासलं जाऊ लागलं होतं. मात्र रुग्णाच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यायची, ठोस संशयाखेरीज जबरदस्ती करायची नाही, हेही तितकंच पक्कं होतं. उना गार्वी ही तिथली जुनी परिचारिका. तपासणीत लाजेने रडलेली माणसं तिने पाहिली होती, म्हणून ती नेहमी हळू आवाजात विचारी.

मॉर्वेन लीस्कने दाखल होताना बॅग उघडून दिली; चष्म्याचं घर मात्र छातीशी धरलं.

"एवढं राहू दे ना, सिस्टर. माझं असं दुसरं काही उरलंच नाही हो."

उनाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "बरं, राहू दे."

चष्म्याच्या त्या घरात साठवलेल्या गोळ्या होत्या. त्यांनीच मॉर्वेनचा जीव गेला. चौकशी झाली, उनाचं काही चुकलं नाही, असंच सगळे म्हणाले, आणि ते ऐकून ती घरी जाऊन आंधळ्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली.

मॉर्वेनचे म्हातारे वडील ॲलिक मात्र भेटीच्या वेळी रोज येतच राहिले. जन्म समुद्रावर मासेमारीत गेलेला तो माणूस दारात हात पसरून उभा राही. "तपासा, बाई." त्यांना परत पाठवायला कुणाचा जीव होईना. उना त्यांचे खिसे चाचपी, चहा देई. ते एका रिकाम्या खुर्चीशेजारी बसून तो पीत आणि निघून जात.

पुढे पुढे आत आल्यावरही ते दार थोडा वेळ धरून ठेवू लागले, मागून कुणी येत असावं तसे. मग त्यांनी दुसरा कप मागितला. उनाने दिला. तोही रिकामा होऊन परत आला.

एका धुकट दुपारी ते म्हणाले, "आज तिलाही तपासा."

"काका," उना हळूच म्हणाली, "मॉर्वेन आता…"

"तेव्हा ती नाही म्हणाली, ते तुम्ही ऐकलंत. आमच्यात कुणी ऐकत नसे हो तिचं, मीसुद्धा नाही. आज ती हो म्हणतेय. पण आधी विचारा. तुमची रीत आहे ना?"

त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत, केवळ त्या म्हाताऱ्याची दया येऊन, उनाने विचारलं, "मॉर्वेन, बघू का गं?"

ॲलिक हसले. त्या मोकळ्या जागेकडची कोटाची उजवी बाजू त्यांनी पुढे केली आणि दोन्ही हात पसरले. उनाने खिशात हात घातला. जाड लोकर लागली, मग अस्तर. आणि मग गार, बारीक बोटं तिच्या बोटांत हळूच गुंतली.

"सापडलं काही?" ॲलिकनी विचारलं.

"नाही," उना म्हणाली, आणि तिने हात तसाच आत राहू दिला.